रेणुकाला दिलेली सुट्टी

शाळेत नोकरी लागली की किस्से शोधायला जावं लागत नाही. तपासायच्या वह्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि टेबलाखाली कितीही ढकलले तरी सोमवारी पुन्हा वर येतात!

मी पुण्यात मांजरीकडच्या एका सरकारी शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. शाळेच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला टॉवर. उसातली मुलं दरवर्षी कमी होतात, टॉवर बांधणाऱ्यांची वाढतात. टॉवरमध्ये राहणाऱ्यांची मुलं पिवळ्या बसमधून आमच्या गेटवरून पुढे जातात.

* * *

जूनमध्ये प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायची असते. 'मातृभाषा' या रकान्यासाठी मी वर्गात एकेकाला विचारत होते, "घरी कुठली भाषा बोलता?" कुणी कन्नड, कुणी तेलुगू, कुणी भोजपुरी.

रेणुकाची पाळी आली. ही उदगीरकडची. आईवडील साइटवर कामाला, आमची शाळा तिची चौथी.

"घरी कोन बोलतंय बाई? आई आली की झोपतीय."

रकाना रिकामा ठेवला तर लाल होतो. मी 'मराठी' निवडलं. हिरवा झाला.

* * *

आमच्या मुख्याध्यापिका देवधरबाई. पेठेत वाढलेल्या, शब्द जपून वापरणाऱ्या. एकदा नव्या टॉवरमधले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. "मॅडम, मी घरून काम करतो. तुमच्या प्रार्थनेचा आवाज थेट माझ्या मीटिंगमध्ये येतो."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, तुमच्या ड्रिलिंगचा आवाज तीन वर्षं आमच्या प्रार्थनेत येत होता. आम्ही सवय करून घेतली. आपणही घ्या."

गृहस्थ निघाले. बाई मागून म्हणाल्या, "दार ओढून घ्या. आवाज येतो."

* * *

डिसेंबरात माझं लग्न झालं. रजा संपवून आले तर वर्गात कुजबुज. हजेरीपत्रकावर माझं आडनाव बदललेलं मुलांनी टिपलं होतं.

रेणुकानं विचारलं, "बाई, तुमचा पन दाखला काढला का?"

"नाही गं. लग्न झालं."

"मग घर तेच हाय?"

"नाही, दुसरं."

"मानसं?"

"तीही दुसरी."

"मग काढलाच की दाखला!"

संध्याकाळी घरी सांगितलं. सासूबाई खूप हसल्या. मी जरा उशिरा हसले.

* * *

रेणुकाला अक्षरं येत होती, जोडाक्षरं नाही. आधीच्या तिन्ही शाळांमध्ये जोडाक्षरांच्या आधीच साइट बदललेली! मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्याजवळ बसायची आणि दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, जे हाताला लागेल ते वाचायची. जोडाक्षर आलं की उठून पाणी पिऊन यायची. 'प्र'साठी तर निम्मी बाटली लागायची.

जानेवारीत वाचन चाचणी होती. बाहेरून अधिकारी येतात, एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावतात आणि त्यावरून शाळेची सरासरी निघते. रेणुकानं दिवस बोटांवर मोजून ठेवले होते.

"साहेबाच्या म्होरं मी वाचनार. घरी पन सांगितलंय."

* * *

माझा नवरा खराडीत डेटाचं काम करतो. सासूबाईंसमोर तो 'अहो', खोलीत 'अभि'. सराव चाचणीचे गुण मी लॅपटॉपवर भरत होते, तर खांद्यावरून डोकावून म्हणाला, "हे खालचे चार आउटलायर आहेत. काढून टाक, मग बघ ॲव्हरेज कसं उडी मारतं!"

"मुलं आहेत ती."

"डेटा म्हणून म्हणतोय गं!"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी देवधरबाईंनी बोलावून घेतलं. "चाचणीच्या दिवशी कच्च्या मुलांना सुट्टी द्यायची असते. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. माझ्या आधीपासूनची पद्धत आहे."

त्यांच्यावर मी पाच मिनिटंही रुसले नाही. "हो बाई," म्हणाले.

* * *

चौघांना सांगितलं, उद्या तुम्हाला सुट्टी. तिघांनी उड्या मारल्या.

"मला बी?" रेणुकानं विचारलं.

"तुलाही."

"मी तर वाचते ना आता?"

"वाचतेस गं. पण सुट्टी आहे."



चाचणी झकास झाली. अधिकाऱ्यांनी शेरा दिला, 'उत्तम'. स्टाफरूममध्ये समोसे आले. एक मी कागदात गुंडाळून अभिसाठी पर्समध्ये टाकला.

गेटवर शिपाई गायकवाडमामांनी थांबवलं. "बाई, ती उदगीरची पोरगी आली होती सकाळी. धुतलेला ड्रेस, दोन वेण्या. म्हटलं, यादीत तुला सुट्टी हाय. तर भाईर बसली आन् आपला बोर्ड वाचाया लागली, मोठ्यांदा. साहेबाची गाडी आली तवा मीच गप केली."

समोसा पर्समध्येच राहून गेला.

* * *

फेब्रुवारीत रेणुकाच्या आईवडिलांच्या साइटवरचा टॉवर पूर्ण झाला. पुढची साइट कात्रजला. रेणुका आईबरोबर दाखला न्यायला आली. मुलांचे दाखले आमच्याकडे वर्गशिक्षिकाच लिहितात. 'प्रगती' या रकान्यापाशी माझा पेन थांबला.

देवधरबाई मान वर न करता म्हणाल्या, "चाचणीला गैरहजर. नियमानं जे लिहायचं ते लिहा."

मी लिहिलं. बाईंनी सही केली, शिक्का मारला.

आईनं हात पुढे करायच्या आत रेणुकानं कागद घेतला आणि तिथेच उभी राहून, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला लागली. स्वतःचं नाव वाचलं. आईचं नाव वाचलं. मग बोट खाली सरकलं.

"प्रगती," ती म्हणाली. 'प्र'ला थांबली नाही. पुढचा शब्द लांबलचक होता. तिनं श्वास घेतला.

"अ-स-मा-धा-न-का-र-क."

मग पुन्हा एकदा, सलग. "असमाधानकारक!"

आईनं तोंडाला पदर लावला. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. "वाचायली की ओ बाई माझी पोरगी!"

रेणुकानं माझ्याकडे पाहिलं. "बरोबर वाचलं ना, बाई?"

"बरोबर," मी म्हटलं.