कॅसेटमधला फास्ट बोलर

मी गप्प बसायला हवं होतं असे प्रसंग माझ्या आयुष्यात पुष्कळ आले, पण बहरीनमधल्या त्या गुरुवार-शुक्रवारची सर दुसऱ्या कशालाच नाही. चहा येईपर्यंत ऐका, आणि हसू आलं तर खुशाल हसा. घरी बायको अजून हसते.

उगवत्या फास्ट बोलरांचा मला मनापासून तिटकारा आहे. ऐंशीच्या आसपास आमच्याकडे दर विमानातून असा एकतरी उतरायचा. आला तो तुफानच! कुणी म्हणे बॅटी मोडल्यात, कुणी म्हणे गावच्या तलाठ्याचे दात पाडलेत. आणि हे पाहिलंय कुणी? कुणीच नाही. शुक्रवारी सकाळी मैदानात उभा केला, की पहिली ओव्हर संपायच्या आत हे तुफान पाणी मागायचं.

आमची टीम रत्नागिरी जिल्ह्याची. कॅप्टन इब्राहिमभाई, राजापूरकडचे, एका व्यापाऱ्याकडे क्लार्क. किट त्यांचं, पिकअप त्यांची, म्हणून कॅप्टनही तेच. मी, म्हणजे सुर्वे, ओपनर. बोलर आमचा दळवी, कामगारांच्या बसचा ड्रायव्हर. पोट सुटलेलं, धावणं नावापुरतं, पण चेंडू कसा, तर बस चालवावी तसा, लेन न सोडता. त्या वर्षी दळवी कायमचा गावी निघाला होता. ईसा टाउनच्या शाळामास्तरांच्या टीमशी होणारा सामना त्याचा शेवटचा. मास्तरांच्या कॅप्टनची दांडी उडवून घरी जायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

नेमका तेव्हाच इब्राहिमभाईंचा भाचा यासीन नोकरीवर आला. त्याच्याआधी त्याची कॅसेट आली. त्या काळी पत्राचा कंटाळा असलेली माणसं टेपरेकॉर्डरसमोर बोलून कॅसेट पाठवायची. इब्राहिमभाईंनी गावी धाडलेला टेपरेकॉर्डर कुणीतरी मैदानावर नेला आणि अख्खी मॅच टेप केली. मग बुसैतीनला त्यांच्या खोलीत आम्ही सगळे बोलिंग ऐकायला बसलो. होय, ऐकायला! आधी खाडकन आवाज, मग यासीनची आरोळी, "उडाला रे उडाला!" पुन्हा खाडकन, पुन्हा आरोळी.

"स्पीड ऐकलात ना पोराचा?" इब्राहिमभाईंचे डोळे पाणावले होते.

मी म्हटलं, "आमची आई नारळ फोडते तेव्हा असाच आवाज येतो. तिलाही घ्या टीममध्ये."

सगळे हसले, पण त्यांच्या मनात दळवी तिथेच खलास झाला होता. बोलरची जागा एकच, आणि ती म्हणे आता यासीनची. कॅसेट ऐकून टीम निवडणारी ही शहाणी माणसं! माझं डोकं फिरलं. मी छाती ठोकून सांगितलं, की तुमच्या तुफानाने आधी माझी दांडी उडवून दाखवावी, मग खुशाल दळवीला बसवा. दळवीने माझा शर्ट ओढला, पण मी ऐकतोय कसला?

गुरुवारी संध्याकाळी सनाबिसजवळच्या मोकळ्या वाळूवर काथ्याची चटई अंथरली. यासीन म्हणजे नुसता उंच बांबू. तो चेंडू हातात घेऊन माझ्याकडे आला आणि काहीतरी सांगायला लागला. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, "बोलू नको, टाकून दाखव. यल्ला, चल लवकर."

पहिला चेंडू त्याच्या हातातून सुटला तो थेट पिकअपच्या टपावर गेला. दुसरा आमच्या चहाच्या किटलीवर. मी एक हात कमरेवर ठेवला आणि बाकीच्यांकडे वळून या पिढीबद्दल चार शब्द बोलायला लागलो. तेवढ्यात तिसरा आला. आला म्हणजे कसा, आजारी माणूस पायरी उतरतो तसा. चटईच्या वर आलेल्या कोपऱ्यावर आपटून वळला, माझ्या पायांमागून घरंगळला आणि स्टम्पला टेकला. बेल खाली पडली.

आता, "चटईचा कोपरा होता" एवढं म्हणायला काय जात होतं? पण सगळे माझ्याकडे बघत होते. माझी जीभ आपोआप म्हणाली, "काय चेंडू होता! दिसलाच नाही."

झालं! इतकी वर्षं ज्याने कुणाला बरं म्हटलं नाही, तो सुर्वे म्हणतोय दिसला नाही. सकाळपर्यंत बातमी ईसा टाउनला मास्तरांच्या घरोघरी पोचली होती. कॅसेटवर शंका घेणारे दोघेचौघेही माझ्या साक्षीवर गार झाले.

शुक्रवारी मास्तरांचा कॅप्टन शर्टाच्या आत टॉवेल कोंबून बॅटिंगला आला. यासीनची पहिली ओव्हर संपता संपेना. वाइडसाठी हात पसरून पसरून अंपायर दमला, तेव्हा त्या कॅप्टनने पोटावरचा टॉवेल काढून त्याला घाम पुसायला दिला. पुढचं सांगत नाही. आम्ही हरलो. दळवी इस्त्रीची पांढरी पँट घालून पिकअपच्या सावलीत बसला होता, आणि त्याच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

परतताना पिकअपमध्ये तोच शेजारी बसला. हळूच म्हणाला, "कोपरा होता ना चटईचा? मी तिथंच उभा होतो."

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माणूस काय करतो? दुसऱ्यावर ओरडतो. मी यासीनवर ओरडलो, की बोलिंग येत नव्हती तर आधी सांगायला काय झालं होतं?

"सांगत होतो की, काका. तुम्ही म्हणालात, बोलू नको, टाक." यासीन अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाला. "गावात मी विकेटकीपर. कॅसेटमध्ये स्टम्पांमागून ओरडतोय तो मी. मामूंना त्यातलं काही कळत नाही."

"मग आज कशाला चेंडू घेतलास हातात?"

"तुम्ही एवढे जुने खेळाडू. तुम्हीच म्हणालात, चेंडू दिसला नाही. मग मलाही वाटलं, असेन बुवा मी फास्ट."