क्लॅरिनेटच्या शोधात चिमूरला

वरोऱ्याला रेल्वेतून उतरले तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते, तरी फलाटावरचा बाक हात लावू देत नव्हता. पुढे चिमूरची एसटी. पिशवीत वॉकमन, एक कॅसेट, मनात धास्ती. आठवड्यानं पुण्यात आमच्या सिंफनी वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता, जपानी अॅनिमेशनपटांच्या संगीताचा, आणि आमचे क्लॅरिनेटवादक देशमुख हात मोडून घरी बसले होते. नोकरीनिमित्त चंद्रपूरला असताना ते चिमूरच्या एका बँडमास्तरांकडे शिकले होते. "उस्मानभाईंना आणा. फोन नाही त्यांच्याकडे, जावंच लागेल," ते म्हणाले. व्हायोलिनवाल्यांत सुट्टी मलाच मिळाली, म्हणून मी निघाले.

वाटेत एसटीचा टायर बसला. मोहाच्या सावलीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोनाकडे जाता?"

"बँडवाल्यांकडे."

"पोरीचं लगन काय?"

"नाही, जपानचं संगीत वाजवायचंय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अर्धी काकडी माझ्या हातात दिली.

उस्मानभाई अंगणात बँडच्या कोटाची बटणं शिवत होते. त्यांनी आधी जेवायला बसवलं. भात, लाखोळीचं (इकडच्या एका कडधान्याचं) वरण आणि कैरीचं लोणचं. मग कानाला माझ्या वॉकमनचे हेडफोन लावून डोळे मिटले. कॅसेटवरचा क्लॅरिनेटचा तुकडा संपल्यावर विचारलं, "या जागी सिनेमात काय होते, बाई?"

"एक म्हातारा आपलं गाव सोडून होडीतून निघालाय."

"मंग बरोबर हाये. वारं कमी वाजते, पानी जास्त." त्यांनी तारीख विचारली आणि मान हलवली. "त्या दिवशी धानोऱ्याले लगन हाये. शब्द देल्ला. मले येता येनार नाई."

इतका प्रवास फुकट गेला, असं वाटून मी वॉकमन पिशवीत ठेवू लागले. तेवढ्यात आतून तेच सूर आले. क्लॅरिनेटचेच, जरा दबकत, पण होडीसह. दारात त्यांची मुलगी नसरीन उभी होती. कॅसेटचा आवाज हेडफोनबाहेर जेवढा सांडला, तेवढ्यावर तिनं ते सूर उचलले होते.

"अब्बा, मी जाऊ?"

"वरातीत तुले कधी उभं केलं नाई. लोकं काय म्हनतीन?"

"वरातीत काऊन (का) नाई केलं, तेच मी विचारून राह्यली."

चुलीपाशी बसलेल्या उस्मानभाईंच्या पत्नी म्हणाल्या, "मी राहीन संगं. जाऊ द्या तिले."

ते उठले, खोलीत गेले. आता नकारच येणार, असं मला वाटलं. बाहेर आले ते क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायच्या नव्या रीडची (पातळ पट्टीची) डबी घेऊन. "समोरचा मास्तर हात हलवते म्हनून घाई नोको करू," एवढंच ते मुलीला म्हणाले.

पुण्यात देशमुखांच्या क्लॅरिनेटवर नसरीननं चार दिवस तालीम केली. तिला स्वरलिपी वाचता येत नव्हती. देशमुख गळ्यात हात बांधून शेजारी बसत आणि सूर गाऊन दाखवत. कार्यक्रमात तिचा तुकडा आला आणि वाद्यवृंदाच्या संचालकांच्या इशाऱ्यानंतर ती क्षणभर थांबली. चुकली, असं मला वाटलं. मग सूर आला. आम्ही सगळे तिच्यामागून वाजवत गेलो.

मायलेकींना पोचवायला मी पुन्हा चिमूरला गेले. उस्मानभाई एसटी स्टँडवरच उभे होते.

"किती लोकं होते?"

"सभागृह भरलं होतं, अब्बा. सगळे चुपचाप बसून आयकत होते."

"चुपचाप?" त्यांना याचं नवल वाटलं. जन्मभर ते नाचणाऱ्या लोकांपुढे वाजवत आले होते. थोडं चालून झाल्यावर त्यांनी तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

परतीच्या एसटीत मला देशमुखांचा "उस्मानभाईंना आणा" हा सल्ला आठवला आणि थोडी लाज वाटली. त्या घरात वाजवणारं माणूस एकच असेल, असं आम्ही पुण्यात बसून किती सहज धरून चाललो होतो.