आईच्या कागदावरची माझी सही

धाकटे काका पेढे घेऊन आले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझ्या दहावीला, बारावीला, पुण्यातल्या कायद्याच्या पदवीलासुद्धा ते फिरकले नव्हते. इंग्लंडच्या विद्यापीठाचं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी हजर. पुण्याजवळच्या आमच्या मांजरी गावात त्या सुमारास उसाच्या फडांना लागून इमारती उठायला लागल्या होत्या. आमचं तीन एकर रान, वडिलांनी जाण्याआधी आईच्या नावावर केलेलं, नेमकं नव्या रस्त्याच्या तोंडाशी होतं.

"पोरगी तिकडं जाणार, वहिनी. तुमाला तलाठ्याकडं हेलपाटे नकोत. एक मुखत्यारपत्र करून ठिवू," काका म्हणाले. म्हणजे आईच्या वतीने सह्या करायचा अधिकार त्यांना.

नोंदणी कार्यालयात अकरा पानं समोर आली. आई चौथी शिकलेली. तिने कागद माझ्याकडे सरकवला. "काय लिव्हलंय ते बघ बाई." मला त्याच दुपारी व्हिसाच्या कामाला जायचं होतं, डोकं सगळं तिकडे. शिवाय काका तिथल्या कारकुनाला मोठ्याने सांगत होते, "आमच्या घरचीच वकील हाय, दुसऱ्याचं काय काम?" मी फुगले. पानं उलटली, मान हलवली, एकदोन ठिकाणी थांबल्यासारखंही केलं.

"सातबाऱ्याच्या कामांसाठी आहे. कर सही," मी म्हणाले.

आईने प्रत्येक पानावर सावकाश सही केली. शेवटी एक ओळ होती, की हा मजकूर मी आईला वाचून दाखवला व समजावून सांगितला. तिच्याखाली माझी सही हवी होती. काकांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. एवढी अदब त्यांनी आयुष्यात कुणाला दाखवली नव्हती.

तिकडे गेल्यावर आई दर रविवारी फोन करायची. एकदा म्हणाली, रानात दोन माणसं टेप घेऊन फिरत होती. मग बांधावरच्या दगडांना पांढरा रंग लागला. मग विहिरीवरची मोटर कुणी काढून नेली. काका म्हणाले, दुरुस्तीला दिली. ती हे सगळं शेजारणीची खबर द्यावी तसं सांगायची आणि मीही तसंच ऐकायचे. फोन ठेवल्यावर मात्र मी लगेच पुस्तक उघडून बसायचे.

नोव्हेंबरात वर्गात एक खटला निघाला. एका बाईने नवऱ्याच्या भरवशावर, न वाचता, घराच्या कागदावर सही केली होती. तिला यातून सुटता येईल का, असं प्राध्यापिकेने विचारलं. मी तत्परतेने हात वर केला. हो, कारण तिला काही समजलंच नव्हतं.

"आणि कुणा जाणकाराने तिला समजावून सांगितलं, अशी लेखी नोंद असेल तर?"

वर केलेला हात मी खाली घेतला. मग फार कठीण, हे उत्तरही मीच दिलं.

मी मागितल्यावर आईने झेरॉक्सच्या दुकानातून मुखत्यारपत्राचे फोटो पाठवले. सातव्या पानावर होतं: विकणे, गहाण ठेवणे, विकसनास देणे. मी काकांना फोन लावला. ते जराही चिडले नाहीत. "बिल्डरसंगं करार मागच्याच महिन्यात झाला. अगं, तूच तर वाचलंस की कागद," म्हणाले. "नीट अभ्यास कर. इकडची काळजी करू नगंस." त्यांच्या आवाजातली माया ऐकून मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

पदवी घेऊन परतले तेव्हा रानाभोवती बिल्डरचे पत्रे उभे होते. आईला घेऊन मी शिवाजीनगरला कोर्टाजवळच्या एका ज्येष्ठ वकिलांकडे गेले. त्यांनी शेवटचं पान पाहिलं, मग चष्म्यावरून मला.

"परदेशात वाचायला शिकवतात म्हणे," एवढंच बोलले. मग वाट सांगितली. मी शपथेवर सांगायचं, की मी कागद वाचलाच नव्हता, आईला खोटं सांगितलं आणि खोट्या नोंदीखाली सही केली. "त्यावर दावा उभा राहू शकेल. पण आपली वकिलीची सनद अजून यायची आहे ना? अशा कबुलीवर ती अडूही शकते. मग विचार करून ठरवा."

आई उठून उभी राहिली. "रान गेलं तर जाऊ दे. लेकीनं भर कोर्टात सोताला खोटी म्हणायचं, हे मला बघायचं न्हाई."

तिला खाली बसवायला हवं होतं. ते रान गेलं तर उरलेलं आयुष्य तिला काकांच्या दारात हात पसरावा लागेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण सनदेचा अर्ज मी आदल्याच आठवड्यात केला होता, आणि ती मला हवी होती. मी टेबलावरचे कागद गोळा केले, वकिलांना नमस्कार केला आणि आईच्या मागोमाग जिना उतरले.