शिलंगणाची जीप

विमा विकणाऱ्या बाईला कुणी दारात उभं करत नाही, असं माझी आई म्हणायची. आईचं चुकलं. वाटूर फाट्यावरच्या माझ्या गाळ्यात दिवसभर माणसांचा राबता असतो, आणि मला बघून रस्ता बदलणारे सुद्धा गाडी ठोकली की पहिला फोन मलाच करतात. मी तोंडाची फटकळ आहे, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. पण क्लेम माझ्या हातात आला की तो पास होतोच, हेही माहीत आहे.

फक्त एका माणसापुढं माझं काही चालत नाही. तो माणूस माझ्या घरातच आहे.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी जवानीत मिलिटरीच्या लिलावातून एक जीप उचलून आणली होती. स्टिअरिंग डावीकडे, पुढची काच बॉनेटवर झोपवता येते, आणि चालू झाली की गल्लीतली कुत्री आधी उठतात. मामांनी तिचा नट न् नट स्वतः बदलला. आता अशा जीपा राहिल्या नाहीत, म्हणून शहरातले हौशी लोक मागेल ती किंमत द्यायला तयार असतात. मामा त्यांना चहा पाजतात, जीपमध्ये बसू देतात आणि वाटेला लावतात.

तिचा विमा मीच काढलेला. नेहमीच्या गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते. कंपनीच्या हिशोबानं मामांची जीप म्हणजे भंगार. पण जुन्या, जपलेल्या गाडीसाठी वेगळी सोय असते. जाणकार माणूस येतो, इंजिनाचा नंबर घासून वाचतो, फोटो काढतो, दोन्ही बाजूंनी एक किंमत कबूल होते आणि तेवढ्या किमतीची पॉलिसी निघते. त्यासाठी मी किती चकरा मारल्या, माझं मला ठाऊक. मामांनी ती पॉलिसी वाचली का? छे! हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली. "आता हिला काय बी होवो, फिकीर न्हाई," म्हणाले.

आमच्या गावात दसऱ्याला गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून वेशीवर आणतात आणि तिथून शिवेवरच्या आपट्यापर्यंत शिलंगणाला निघतात. पूर्वी बैलगाड्या पळायच्या. मामांनी जीप आणली तेव्हापासून जीप पळते, मागे मोटारसायकलींचा धुरळा. जो पहिला पोचेल त्यानं सोन्याची पहिली डहाळी तोडायची. ती डहाळी इतकी वर्षं मामांचीच. वर्षभर हा माणूस कशाला हट्ट करत नाही, पण त्या डहाळीचा विषय निघाला की नव्या नवरदेवासारखा ताठ बसतो.

पुलाच्या पलीकडं एक वळण आहे. जीप तिथं मागून सरकते, म्हणून बघणारे सगळे तिथंच उभे राहतात. गेल्या दसऱ्याला ती जरा जास्तच सरकली. बाया-पोरींनी किंचाळून शेजारच्या सोयाबीनच्या ढिगात उड्या मारल्या. त्यात माझी लेक होती. तिचा गुडघा खरचटला, सगळ्याजणी हसत हसत उठल्या आणि मीही हसले. सणाच्या दिवशी मामांना कशाला सांगा, म्हणून घरात कुणी बोललं नाही.

यंदा मात्र जालन्याचे शेठजी आडवे आले. शेठजी मारवाडी, त्यांच्या आजोबांचं दुकान आमच्या गावात होतं, त्यामुळे दसऱ्याला हटकून येतात. त्यांनी एक जुनी क्रीम रंगाची मोटार हौसेनं घेतली, पोरीला नटवावी तशी नटवली आणि जाहीर केलं, यंदा जुन्या गाड्यांची रीतसर शर्यत. वेशीवर फलक, भोंगा, झेंडी दाखवायला पाहुणे, जिंकणाऱ्याला चांदीची गाडी. निमंत्रण गावभर मोबाइलवर फिरलं. मामा खूश! मिशीला पीळ देत फिरू लागले.

मी निमंत्रण वाचलं आणि कपाळावर हात मारला. पॉलिसीत साफ लिहिलेलं असतं, गाडी शर्यतीसाठी किंवा वेगाच्या चाचणीसाठी वापरली तर कंपनी जबाबदार नाही. गाडी उलटली तर त्या कबूल केलेल्या किमतीतला पैसा मिळणार नाही. ते एक वेळ सोडा. बघणाऱ्यातलं कुणी गाडीखाली आलं, तर त्याची भरपाईही कंपनी आमच्याच गळ्यात घालणार.

तरी मी शाखेतल्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, "जास्तीचा हप्ता भरते, एका दिवसाचं शर्यतीचं कव्हर द्या."

"मॅडम, तसं कव्हर शर्यत भरवणारा घेतो. त्याच्याकडे कठडे असतात, अँब्युलन्स असते, डॉक्टर असतो. तुमच्याकडं काय आहे?"

"आमच्याकडं भोंगा आहे," मी म्हणाले. साहेब बराच वेळ हसले. मग म्हणाले, "नका करू हो."

शेठजींना हे पटवायला मला एक कप चहाही लागला नाही. व्यापारी माणूस. "कव्हर न्हाई? बिलकुल न्हाई? तो फिर मेरी गाडी चालेगी, भागेगी न्हाई," असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथं फलक उतरवायला लावला. चांदीची गाडी गणपतीपुढं ठेवून दिली.

राहिले मामा.

मी जेवताना विषय काढला. मामांनी ताटातली तळलेली मिरची भेंडी समजून चावली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी म्हणाले, "तिखट न्हाई." म्हाताऱ्याचा हेका! मला हसू आलं.

"मामा, शेठजींनी शर्यत रद्द केली. तुम्ही पण यंदा सगळ्यांच्या पुढं सावकाश चला. जीप पहिलीच राहील, डहाळी तुमचीच."

"सगळे मागं थांबणार आन् मी पहिला? ते पहिलं येणं न्हाई, म्हाताऱ्याला खुर्ची देणं झालं. शेठ भ्याला, मी न्हाई भ्यालो. दरसाल जातो तसा जाणार."

"फलक लागला होता, निमंत्रण सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. काही झालं तर कंपनीचा माणूस दोन मिनिटांत म्हणेल, शर्यत होती. एक रुपया मिळणार नाही."

"माझी जीप, माझा जीव. कंपनीचा पैसा मागतंय कोण?"

"आणि वळणावर माणसं उभी असतात, त्यांचा जीव कुणाचा?"

"इतक्या वर्षांत एकाला धक्का लागला न्हाई!"

लेकीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला सणाच्या तोंडावर इतकं लागेल असं बोलावं का? गिळलं. आमचे हे खाली मान घालून भात कालवत बसले होते. बापापुढं त्यांच्या तोंडून आवाज फुटत नाही. माझा मात्र पारा चढला.

"बरं मामा, पळवा," मी म्हणाले. "बराबर पळवा. यंदा वळणावर दुसरं कुणी नसेल. मी एकटी उभी राहीन, जिथं पोरी उभ्या राहतात तिथंच. तुमचा तुमच्या हातावर भरवसा आहे ना? माझा पण आहे."

ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. मामा हात धुवायला उठले.

दसऱ्याच्या दिवशी मी तेच केलं. उन्हं कलताना वळणावर गेले आणि जमलेल्या बाया-पोरांना हाकलून पुलाच्या अलीकडं, पार लांब बसवलं. "वहिनी, तुम्ही काय करून राह्यल्या?" एकीनं विचारलं. "क्लेम वाचवून राह्यले," मी म्हणाले. लेकीला त्यांच्याबरोबर बसवलं. आणि नऊवारीचा काष्टा आवळून सोयाबीनच्या ढिगाजवळ उभी राहिले.

खोटं कशाला सांगू, जीपचा आवाज ऐकू आला तशी मी दोन पावलं ढिगामागं सरकले आणि परत पुढं आले. मी सगळ्या तालुक्याला जोखीम समजावून सांगते. त्या घडीला मला ती नव्यानं समजली. पळावंसं वाटत होतं. पण बोलले होते ना! एकदा बोलले की मी मागं हटत नाही, मग समोर मामा असोत नाहीतर त्यांची जीप.

आवाज वाढला, पुलाजवळ आला आणि तिथं उतरला. मला वाटलं, बंद पडली. जीप पूल ओलांडून बैलाच्या चालीनं वळणावर आली आणि माझ्यापासून चांगल्या दहा हातांवर थांबली. मागून शेठजींची मोटार हळूच पुढं गेली, मोटारसायकली गेल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामांनी कुणाकडं पाहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते.

मला इतका आनंद झाला की रडूच आलं. डोळे पुसत जीपजवळ गेले आणि म्हणाले, "बघा, मामा! मला लांबून पाहिलं न् थांबलात ना?"

मामांनी मान माझ्या आवाजाकडं वळवली. नजर माझ्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी होती.

"न्हाई दिसली," ते म्हणाले. "उजव्या डोळ्यानं काहीच न्हाई. डाव्यानं नुसता धूर. रस्ता पाठ हाय, म्हणून चाल्लंय. पण तू उभी राहीन म्हणाली व्हती. तू बोलली म्हणजे असणारच. म्हणून पुलापासून ब्रेक दाबत आलो."

मला मिरची आठवली. मी जीपची कड घट्ट धरून उभी राहिले.

"गेल्या साली हितं कोण उभं व्हतं," मामा हळू म्हणाले, "मला आजपस्तोर ठाऊक न्हाई."

आता मी गिळलं नाही.

"तुमची नात होती, मामा."

पुलाकडून पोरींचा हसण्याचा आवाज येत होता. त्यात तिचाही होता, आणि तो मामांना बरोबर ओळखू आला, कारण त्यांनी मान तिकडं फिरवली. मग इंजिन बंद केलं, चाचपडत उजवीकडच्या सीटवर सरकले आणि स्टिअरिंगमागच्या जागेवर हात आपटून म्हणाले, "बस हिकडं. क्लच कडक हाय, हळू सोड."