सत्काराची शाल

चाळीसगावहून धुळ्याला जाणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये ती रोज माझ्यासमोर बसायची. सायन्सची विद्यार्थिनी आणि कॉलेजची धावपटू. आल्या आल्या धावायचे बूट खिडकीच्या गजाला टांगायची. गाडी चालू असली की रसायनशास्त्र पाठ करायची, आणि स्टेशनात थांबली की तेवढ्यात जर्नलमधल्या आकृत्या काढून घ्यायची, कारण चालत्या गाडीत रेघ हलते. पाठ करताना टाचा सारख्या वरखाली. नाव मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी इंजिनाची काजळी बसू नये म्हणून तिने जर्नलवर नवीकोरी शाल पांघरली होती. विद्यापीठाच्या शर्यतीत पहिली आली म्हणून कॉलेजने सत्कार केला होता, त्यातली. मी कौतुक केलं.

"भाऊ, शाल भी सरसनीच दिधी," ती म्हणाली, "नि प्रॅक्टिकलले गैरहजर भी सरसनीच मांडं."

शर्यत आणि प्रॅक्टिकलची परीक्षा एकाच दिवशी आली होती. परीक्षा पुन्हा घ्या म्हणायला गेली, तर शाल देणारे तेच सर म्हणाले, धावायचं की शिकायचं ते एकदाचं ठरव.

त्या 'ठरव'चा मला अजून राग येतो. शर्यतीला पाठवलं कॉलेजने, परीक्षेची तारीख लावली कॉलेजने, आणि ठरवायचं मात्र पोरीने.

पुढच्या आठवड्यापासून गजाला बूट दिसले नाहीत. टाचाही हलेनात.

जूनमध्ये पुतणीच्या प्रवेशासाठी मी त्याच कॉलेजचं माहितीपत्रक आणलं. मुखपृष्ठावर ती धावत होती.