बारावी खुर्ची

बुधवारी संध्याकाळी ही माझ्या टाचा घासत बसली होती. मोरीत मी पाटावर, ही खाली, हातात वजरी. मार्केट यार्डात चाळीस वर्षं कांद्याची पोती वाहिलेले पाय. भेगांत कांद्याची सालं अडकायची.

"अहो, पाय आहेत का फरशी? उद्या फादर काय म्हणतील?"

"ते धुणारच आहेत ना? मग राहू दे की थोडं त्यांना."

हसली. कोकमाचं तेल पातळ करून भेगांत भरलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं.

दुसऱ्या दिवशी पवित्र गुरुवार. मरणाच्या आदल्या दिवशी प्रभूने कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. चर्चमध्ये बारा जण खुर्च्यांवर बसतात, फादर त्यांचे पाय धुतात. हिने तीस वर्षं ते चर्च झाडलं, त्या विधीचं पाणी कोमट केलं. यंदा पहिल्यांदाच बारांत माझं नाव आलं.

बाराव्या खुर्चीवर बसलो. चपला काढल्या. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी आले, पायांकडे बघितलं, कानाशी वाकले.

"बाबा, आज कॅमेरा आहे. परदेशातले लोक बघतायत. आपण मागे बसा, इथे डॉक्टर बसतील."

उठलो. हो, उठलो. हमालाला ऊठ म्हटलं की उठायची सवय असते. डॉक्टरांनी मोजे काढले. जन्मात मातीला न लागलेले पाय. फादरने चमचाभर पाणी ओतलं, टॉवेल टेकवला. काय धुतलं, देवाला ठाऊक.

ही कडेला बादली घेऊन उभी होती. बादली तिथेच ठेवली, मागे माझ्याशेजारी येऊन बसली.

"स्वच्छ पाय धुवायला प्रभू कशाला लागतो?" म्हणाली. चार बाकांना ऐकू जाईल असं.

शुक्रवारी दुपारी पीठ मळायला खाली बसली, ती उठलीच नाही.

मी चौथी शिकलेला. पण पाय धुण्याची ती गोष्ट मला कळते. शिष्य धुळीतून चालत आले होते, पाय घाण होते, म्हणून प्रभू वाकला. जो त्याला पकडून देणार होता, त्याचेही धुतले. फोटोत कसे दिसतील, विचारलं नाही. मालक गड्यापुढे वाकला, एवढीच गोष्ट. ह्यांनी त्या गोष्टीचा कार्यक्रम केला.

शनिवारी सकाळी सेक्रेटरी हार घेऊन घरी आले.

"बाबा, आंघोळ घालायला बायका आल्यात. आपण बाहेर बसा."

"गुरुवारी मागे, आज बाहेर. पुढच्या खेपेला कुठे, साहेब?"

ते हाराचा दोरा चाचपत राहिले.

आंघोळ बायकांनी घातली. पाय मी धुतले. हिच्याही टाचांना भेगा होत्या, माझ्यासारख्याच. इतक्या वर्षांत मी एकदा खाली बसून बघितलं नव्हतं. वजरी घेतली, हळू घासलं, तेल भरलं.

मग हिच्या शवपेटीमागून अनवाणी चर्चपर्यंत चाललो. डांबर तापायला लागलं होतं. पहिल्या बाकावर, डॉक्टर बसतात त्या जागी बसलो. काळे पाय पुढे ठेवले. सेक्रेटरी परत कानाशी वाकले.

"बाबा, जरा..."

"नाही उठत," मी म्हणालो.

नाही उठलो. आता मला इथून उठवायचं असेल तर प्रभूनेच यावं. आणि तो आला, तर आधी खाली वाकेल.