उपाशीपोटी आमोस

मालतीमावशी जाऊन महिना झाला, पण माझा राग अजून गेलेला नाही. रायपूरच्या आमच्या चर्चमध्ये तिची स्मरणसभा झाली. पाळकांनी बायबलमधल्या तिच्या लाडक्या आमोस संदेष्ट्याचा फक्त शेवट वाचला... पडलेली घरं पुन्हा उभी राहतील, लोक बागा लावतील. वर म्हणाले, ‘मालतीताई फार गोड स्वभावाच्या होत्या.’ गोड? माझी मावशी?

आमोस हा मेंढपाळ. गरिबाला पायातल्या जोड्याच्या मोलानं विकणाऱ्या धनवंतांना त्यानं तोंडावर सुनावलं, आणि आशेचं बोलला तो सगळ्यात शेवटी. उभा जन्म नर्स म्हणून काढलेली मावशी म्हणायची, जखम धुतल्याशिवाय मलम लावायचं नसतं. चर्चला नवं छप्पर उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारानं घालून दिलं. त्याच्याच रोलिंग मिलमध्ये आमच्या मंडळीतल्या दिलीपचा उजवा हात गेला होता, आणि दवाखान्यातून सुटल्यावर त्याला कुणी गेटच्या आतसुद्धा घेतलं नव्हतं. छपराच्या उद्घाटनाला शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन, मावशीकडे होता. पाळक जवळ येऊन पुटपुटले, ‘शेवटचंच वाचा, आनंदाचा दिवस आहे.’

‘काहून? घर कोनं पाडलं ते सांगाचं नाही, अन् बांधून भेटन म्हनाचं?’

मालक पहिल्या रांगेत बसला होता. मावशीनं सुरुवातीपासून वाचलं. त्यानंतर तिला शास्त्रपाठाला कुणी उभं केलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मग रविवारी दुपारी ती आम्हाला घरीच बोलवायची. ताटं मांडायच्या आधी, उपाशीपोटी, आमोसचा सगळा संताप वाचायचा. भात वाढला की शेवट. दिलीप आणि त्याची बायको नेमानं यायचे. लेबर कोर्टातली त्याची केस मावशीनंच उभी केली होती, दर पेशीला, कोर्टाच्या दर तारखेला, ती सोबत जायची.

सभेनंतरच्या रविवारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात जमलो. मी संताप वाचला आणि पुस्तक मिटलं. म्हटलं, आज पुढचं नको. त्या गोड शेवटाची मला शिसारी आली होती.

दिलीप म्हणाला, ‘आगे भी पढ़िए दीदी. कल पेशी है मेरी. इतना ही सुनके कैसे जाऊँ?’

मावशीच्या जागी उद्या मी जाणार होते. त्याच्या बायकोनं भात वाढला. पडलेली घरं उभी राहतील, मी वाचलं... मालकाला दम द्यावा तसं.